ग्वाल्हेरची तार कुठे तुटली?

घरातले इंटरनेट बंद पडले की आपल्याकडे पहिले वाक्य ठरलेले असते : "मोडेम गेला." पावसाळ्यात तर हे वाक्य हमखास ऐकू येते. ढग गडगडतात, वीज दोनदा जाऊन येते, मोडेमवरचा दिवा लुकलुकू लागतो आणि घरातले कुणीतरी म्हापशाला किंवा मडगावला जाऊन नवा मोडेम घेऊन येते. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी दिवा पुन्हा लुकलुकतो. मग कळते की दोष मोडेमचा नव्हताच. तो होता बाहेर माडाच्या झावळीला घासणाऱ्या तारेत, नाहीतर भिंतीतल्या गंजलेल्या जोडात.

वाचकहो, "बदलायचे काय?" हे विचारण्याआधी "तुटले कुठे?" हे विचारायचे असते. ही साधी शिस्त आपल्या देशाला शिकावी लागली, त्याला आता पावणेदोनशे वर्षे होत आली. इंटरनेट नव्हते तेव्हा. होती ती तार, खांबावरून जाणारी विजेची तार. तिच्या कथेतला एक मोठा अध्याय घडला तो ग्वाल्हेरात, शिंद्यांच्या राजधानीत.

ग्वाल्हेर म्हटले की आम्हा गोमंतकीयांना परके वाटण्याचे कारण नाही. महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडण्यातल्या केरी गावचे. ते जन्मले तेव्हा पेडणे सावंतवाडीकरांच्या अमलाखाली होते. लखबादादा लाडांसारखी आणखीही शेणवी मंडळी शिंदेशाहीत मोठ्या अधिकारावर होती. पुढे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला. त्या तळाचेच शहर झाले, आणि त्याचे नाव आजही लष्कर असेच आहे. तिथल्या वाड्यांत मराठी बोलले जाई, दफ्तरात मोडी लिहिली जाई. पण तिथून कोकणात एक पत्र यायचे म्हणजे जासूद, हरकारे, सांडणीस्वार, नद्यांचे उतार, पावसाळ्यात अडलेल्या वाटा. घरी मूल जन्मल्याची वार्ता पोचेपर्यंत त्या मुलाचे बारसे होऊन गेलेले असायचे.

अशा ह्या ग्वाल्हेरातून १८५४ साली तार गेली.

ही तार टाकणारा मनुष्य पेशाने डॉक्टर होता. विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी ह्या आयरिश गृहस्थाने कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता १८३९ साली शहराजवळ लांबलचक तार टाकून विजेने संदेश पाठवण्याचे प्रयोग केले. सरकारने तेव्हा त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही. दहाबारा वर्षांनी कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तार उभी राहिली, आणि मग लॉर्ड डलहौसीने त्याच्या हाती सारा देशच दिला. नोव्हेंबर १८५३ मध्ये कलकत्ता-आग्रा तारेचे काम सुरू झाले. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून पहिला संदेश कलकत्त्याला पोचला. आठशे मैलांची तार पाच महिन्यांच्या आत! १ फेब्रुवारी १८५५ रोजी तार सर्वसामान्यांना खुली झाली, तेव्हा ३०५० मैल तार आणि ४१ कचेऱ्या तयार होत्या.

आता ह्या जाळ्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. कलकत्त्याहून आग्रा. आग्र्याहून एक फाटा वायव्येला अटकेपर्यंत. दुसरा फाटा दक्षिणेला : चंबळ ओलांडून ग्वाल्हेर, पुढे इंदूर, मग मुंबई. आणि मुंबईहून पुण्याच्या बाजूने मद्रास. कलकत्त्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने थेट मद्रासला जाणारी तार तेव्हा नव्हती. म्हणजे कलकत्त्याच्या गव्हर्नर जनरलला मद्रासच्या गव्हर्नराशी तारेने बोलायचे असेल, तर त्याचा शब्द आधी ग्वाल्हेरवरून जाई. तीन इलाख्यांचा दोर एका संस्थानाच्या रानातून ओवलेला होता आणि त्याला पर्यायी वाट नव्हती. आजचे अभियंते अशी रचना पाहून कपाळाला हात लावतील.

तार टाकणे सोपे आणि ती चालू ठेवणे अवघड, हे ओ'शॉनेसीला पहिल्याच प्रयोगांत कळले होते. युरोपात वापरत तसली बारीक तार इथे टिकेना. तिच्यावर कावळे आणि घारी थव्याने बसत, माकडे लोंबकळत. म्हणून त्याने जाडजूड लोखंडी सळईसारखी तार घेतली. खांबांना वाळवी लागे. बांबूचे खांब एका पावसात कुजत. मग कुठे साग, कुठे साल, कुठे ब्रह्मदेशच्या बाजूचे लोहकाष्ठ वापरले. दक्षिणेत तर त्याने दगडाचे खांब उभे केले. म्हणजे ज्या मुलुखात जे मिळेल आणि टिकेल ते. वळवाच्या पावसात वीज तारेवर उतरली की ती यंत्रापर्यंत येऊन आतले वेटोळे जाळून टाकी. जूनमध्ये ज्यांचा मोडेम जळला आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

यंत्रही त्याने स्वतःचेच केले होते. तारेच्या वेटोळ्यात एक इवलीशी चुंबकसूची. विजेचा प्रवाह आला की ती डावीकडे किंवा उजवीकडे हले, आणि त्या हालचालींतून अक्षरे जुळवायची. तारमास्तर सूचीवर डोळे लावून अक्षरे बोले, दुसरा ती उतरवून घेई. यंत्र स्वस्त होते. ते कलकत्त्यातल्या देशी कारागिरांच्या हातून होई, आणि मोडले तर दुरुस्तही तिथेच होई. ह्या सगळ्या खटाटोपात शिवचंद्र नंदी हा बंगाली सहकारी त्याचा उजवा हात होता.

पण यंत्र चांगले असले तरी सूची हलायची थांबे. अशा वेळी काय करायचे? तारेच्या एका टोकाला बसलेल्या माणसाला एवढेच कळते की पलीकडून उत्तर येत नाही. पलीकडचे यंत्र बिघडले, मधली तार तुटली, की पलीकडचा माणूसच जागेवर नाही, हे सूची सांगत नाही. त्यावर एकच उपाय. तारेचे तुकडे मनाशी पाडायचे, ज्या तुकड्याचा संशय जास्त त्याच्या पलीकडे जायचे, तिथे यंत्र जोडायचे आणि मागे हाक मारून बघायची. उत्तर आले तर इथपर्यंतची तार शाबूत, म्हणजे दोष पुढे. नाही आले तर दोष मागे.

ह्या रीतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण दिल्लीचे. १० मे १८५७, रविवार. दिल्लीच्या तारकचेरीतून मेरठची तार बोलेनाशी झाली. तारमास्तर चार्ल्स टॉडला पहिला संशय आला तो यमुनेखालून गेलेल्या केबलीचा, कारण ती आधीही त्रास देत असे. त्याने ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन ह्या आपल्या दोन तरुण मदतनिसांना नदीपलीकडे पाठवले. त्यांनी तिथून दिल्लीला हाक दिली, दिल्लीने ओ दिली. मेरठला हाक दिली, मेरठ गप्प. म्हणजे केबल ठीक होती आणि दोष मेरठच्या बाजूला होता. निदान अगदी अचूक होते. संध्याकाळ झाली होती, म्हणून दुरुस्ती सकाळवर टाकली. ११ मेच्या सकाळी टॉड स्वतः तार तपासायला निघाला, आणि परत आला नाही. मेरठहून आलेले शिपाई तोपर्यंत यमुनेच्या पुलावर पोचले होते. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन ह्यांनी अंबाल्याला खबर दिली आणि ते कचेरी सोडून निघाले. तीच खबर तारेने पुढे पंजाबात गेली, आणि १३ मे रोजी लाहोरच्या छावणीतल्या देशी पलटणींची हत्यारे काढून घेण्यात आली. इंग्रज अधिकारी पुढे म्हणत असत की तारेने हिंदुस्थान वाचवला, ते मुख्यतः ह्या प्रसंगावरून.

टॉडने तपासणीत काहीही चुकीचे केले नव्हते. तार कुठपर्यंत चालते हे त्याने बरोबर शोधले. पण ती का चालत नाही ह्याचे उत्तर त्याच्या यंत्रात नव्हते. ही तार तुटली नव्हती, तोडली होती. तुटलेल्या तारेला लाइनमन लागतो. तोडलेल्या तारेला लाइनमन पुरत नाही.

ग्वाल्हेरात हेच घडले, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर. १४ जून १८५७ च्या रात्री मुरारच्या छावणीतली ग्वाल्हेर कंटिंजंट उठली. ही फौज होती इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमातली आणि तिचा खर्च होता शिंद्यांच्या माथी. १ जुलैला इंदूरची रेसिडेन्सी पेटली, त्याच रात्री महू. आग्रा-मुंबई तारेचा मधला सारा पट्टा असा हातचा गेला. ठिकठिकाणी खांब उपटून जळणाला नेले. तारेचे तुकडे करून ते बंदुकीत गोळी म्हणून भरल्याच्याही नोंदी आहेत. ज्या तारेवरून हुकूम यायचे, तीच आता नळीतून उलट गेली! नवा खांब रोवला तरी तो कोण राखणार? ज्या गावांच्या शेतांतून ही तार गेली होती, त्यांना ती टाकताना कुणी विचारले नव्हते. तिच्यावरून त्यांची एकही गोष्ट जात नव्हती. जात होती ती फौजेची हालचाल, सरकारी हुकूम आणि व्यापाऱ्यांचे भाव. आपल्या दारावरून जाणारी पण आपल्यासाठी न बोलणारी तार माणूस कशाला राखील?

तार मुकी झाली म्हणून देश मुका झाला नव्हता, हे सांगणारा एक साक्षीदार सुदैवाने आपल्याच भाषेत आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार, मोठी दक्षिणा मिळणार, असे ऐकून हे भटजी १८५७ साली उत्तरेला निघाले. महूच्या परिसरात मुक्कामाला भेटलेल्या शिपायांनीच त्यांना पुढे काय होणार ते सांगितले. म्हणजे जी वार्ता तारकचेरीत बसलेल्यांना उशिरा कळली, ती रस्त्यावरच्या गरीब भिक्षुकाला आधी कळली होती! धर्मशाळा, नदीचे घाट, बाजार, पलटणीतले भाऊबंद हे त्या काळचे दुसरे जाळे. त्याला खांब नव्हते, म्हणून ते कापताही येत नव्हते. त्यात वार्ता फुगे, बदले, कधी खोटीही निघे, पण ती पोचे. "माझा प्रवास" हे त्यांचे पुस्तक १९०७ साली छापले गेले. ज्यांनी ते वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

पुढचे वर्ष ग्वाल्हेरला त्याहून भारी गेले. १ जून १८५८ रोजी रावसाहेब पेशवे, तात्या टोपे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर चालून आल्या, तेव्हा जयाजीराव शिंद्यांची बहुतेक फौज त्यांना जाऊन मिळाली. जयाजीराव आणि दिवाण दिनकरराव राजवाडे ह्यांना आग्रा गाठावे लागले. काही दिवस ग्वाल्हेरात पेशवाईची द्वाही फिरली. मग सर ह्यू रोजची फौज आली, कोट्याच्या सरायीच्या लढाईत राणी पडली आणि २० जूनपर्यंत किल्लाही गेला. तारा पुन्हा ओढल्या गेल्या. पण त्या आता सरकारने मोठा धडा घेऊन ओढल्या : महत्त्वाच्या दोन ठिकाणांना जोडणारी वाट एकच असता कामा नये.

ह्याच सुमारास यंत्रही बदलले. ओ'शॉनेसीची सूची १८५७ पासून मागे पडत गेली आणि मोर्सचे यंत्र आले. इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की सूची वाईट होती म्हणून ती गेली नाही. १८५४ सालच्या रानात, स्वस्तात आणि देशी कारागिरांच्या भरवशावर तार उभी करायची होती तेव्हा तिच्याइतके सोयीचे यंत्र दुसरे नव्हते. पुढे संदेश वाढले, वेग हवा झाला आणि सूचीची उणीव जाणवू लागली. ती हले आणि थांबे, मागे काही ठेवीत नसे. मोर्सचे यंत्र कागदाच्या पट्टीवर खूण उमटवी. चूक कुणाची ते पट्टी पाहून ठरवता येई. म्हणजे यंत्र बदलले ते कामाची गरज बदलली म्हणून, तार तुटत होती म्हणून नव्हे. तुटणाऱ्या तारेसाठी वेगळे उपाय केले : चांगले खांब, चांगले चिनीमातीचे कप, वीज जमिनीत उतरवणारी साधने. दोन प्रश्न होते, त्यांना दोन वेगळी उत्तरे दिली गेली.

दोष शोधण्याचीही मग विद्या झाली. तारखात्यातला लुई श्वेंडलर हा जर्मन विद्युत्तज्ज्ञ (कलकत्त्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयाच्या स्थापनेमागेही हाच गृहस्थ होता) ह्याने तारांच्या चाचणीचे नियम घालून दिले आणि त्यावर ग्रंथ लिहिला. मैलामागे तारेचा विरोध किती ते ठाऊक असते. तार कुठे जमिनीला टेकली असेल तर कचेरीत बसून विरोध मोजायचा आणि भागाकार करायचा, की दोष किती मैलांवर आहे ते कळते. यमुनेपलीकडे माणूस धाडायची गरज उरली नाही. पण ह्यासाठी एक पथ्य होते. तार चांगली असतानाच तिची मापे घेऊन वहीत लिहून ठेवायची. निरोगी माणसाची नाडी माहीत असेल तरच आजाऱ्याची कळते.

१८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपाल तिकिटांवर देवनागरीत 'ग्वालियर' अशी अक्षरे उमटू लागली आणि ती १९५० च्या अखेरपर्यंत टिकली. लष्करच्या महाराज बाड्यावर शिंदेकालीन टपाल कचेरीची देखणी इमारत आजही उभी आहे. तार मात्र राहिली नाही. १४ जुलै २०१३ हा देशातल्या तारसेवेचा शेवटचा दिवस ठरला. तोवर तिच्या जागी दुसरी तार आली होती. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी आले. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटले (आज हीच किमान मर्यादा २ एमबीपीएस आहे), आणि २००५ च्या जानेवारीपासून घरच्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून ते घरोघर पोचू लागले. आज काच-तंतूंनी त्या तांब्याची जागा बरीचशी घेतली आहे.

मग टॉडची रीत आपल्या घरात कशी लावायची? तशीच. पहिला तुकडा घरातला. मोबाइलवर इंटरनेट तुटते आहे, पण मोडेमला वायरीने जोडलेला संगणक नीट चालतो आहे, तर बाहेरची लाइन निर्दोष. दोष वाय-फायचा. आपल्या जुन्या चिरेबंदी घरांच्या हातभर जाडीच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झची लहर पार होता होता दमते. २.४ ची अधिक दूर जाते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या गर्दीत सापडते. इथे मोडेम बदलण्याआधी त्याची जागा बदलून पाहावी. लष्करमधल्या दगडी वाड्यांतही हाच नियम.

वायरीनेही तुटत असेल तर दुसरा तुकडा. तांब्याची लाइन असल्यास घरातले सगळे जोडफोन आणि लांबवलेल्या वायरी काढून, तार घरात शिरते त्या पहिल्याच डबीला मोडेम लावून पाहावा. तिथे नीट चालला तर दोष घरातल्या वायरिंगचा. तिथेही तुटला आणि फोनमध्ये खरखर असेल, तर दोष बाहेरचा. मोडेमच्या आतल्या पानावर लाइनचे आकडे दिसतात. गोंगाटाच्या वर उरलेली मोकळीक साधारण ६ डेसिबलच्या खाली गेली की लाइन ठरत नाही. काच-तंतूच्या लाइनवर बहुधा लाल दिवा लागतो. तिथे येणाऱ्या प्रकाशाची ताकद पाहावी. नेहमीच्या घरगुती जोडणीत ती वजा २७ डीबीएमच्या खाली गेली तर कुठेतरी तंतू वाकला आहे किंवा जोड मळला आहे. नवा मोडेम आणून तो सरळ होणार नाही. आणि श्वेंडलरचे पथ्य : लाइन चांगली चालत असतानाच हे आकडे वहीत उतरवून ठेवावेत. कधी तुटते त्याची वेळही लिहावी. पावसातच तुटते, की रोज रात्री नऊला? तक्रार करताना "नेट चालत नाही" ह्यापेक्षा अशी वही जास्त काम करते.

एवढे करूनही बोट मोडेमकडेच वळले, तर खुशाल बदलावा. पण ओ'शॉनेसीसारखा मुलूख पाहून. लाइन तांब्याची की काच-तंतूची हे आधी पाहावे, कारण एकीचा मोडेम दुसरीला चालत नाही. आपला सेवादार कोणते यंत्र त्याच्या जाळ्यात नोंदवून घेतो ते विचारावे. बाहेरून आणलेले महागडे यंत्र पुष्कळदा त्याच्या कचेरीत ओळखलेच जात नाही. दोन्ही लहरींचे वाय-फाय असावे. जवळच्या गावात ज्याची दुरुस्ती किंवा अदलाबदल होते तेच घ्यावे. विजेच्या लपंडावासाठी लहानसा बॅकअप जोडावा, आणि गडगडाट सुरू झाला की वीज आणि तांब्याची लाइन दोन्ही काढून ठेवावीत. काच-तंतूवरून आकाशातली वीज येत नाही, पण विजेच्या प्लगमधून ती येतेच.

राहता राहिला तो न मोजता येणारा तुकडा. आज आपल्या गावातून जाणारी केबल रस्ता खणणाऱ्याने तोडली, तर आपणच धावत जाऊन त्याला थांबवतो, लाइनमनला फोन करतो, त्याला शिडी धरतो. मुलाची परीक्षा, आखातातल्या भावाचा चेहरा, बँकेचा व्यवहार असे सगळे तिच्यावरून जाते, म्हणून ती आपली वाटते. १८५७ साली ग्वाल्हेरच्या वाटेवरच्या माणसाला तार आपली वाटावी असे तिच्यात काहीच नव्हते. टॉडला तारेत जो दोष सापडला नाही तो हाच होता, आणि तो शोधायला नदीपलीकडे जाण्याची गरज नव्हती. तारेखाली राहणाऱ्याला विचारायचे होते, एवढेच.